भरलेली बारव

बेलकेरीच्या महादेवाच्या बारवेत मासे मरून वर आले, तेव्हा शांताक्कानं आधी चुरमुऱ्यांना शिव्या घातल्या. दर सोमवारी दर्शनाला येणारा माणूस पायरीवर उभा राहून मूठमूठ चुरमुरे पाण्यात फेकायचा. देवाचे मासे, त्यांना खाऊ घातलं की पुण्य लागतं अशी गावाची समजूत. "मिळवा लेकाहो, मिळवा पुण्य," खालच्या पायरीवर बसून जुन्या चाळणीनं ती ते उताणे मासे गोळा करत होती आणि पुटपुटत होती. "चारून चारून मारलं की मुक्या जिवाला!"

शांताक्का गावची जुनी अंगणवाडीताई. निवृत्त झाली, पण आवाज निवृत्त झाला नाही. आता बाप झालेल्या निम्म्या गावाचा शेंबूड तिनं पुसलेला, त्यामुळं तिच्यापुढं कुणाची फारशी टाप नव्हती. फक्त ती बोलली म्हणून कुणी काही करायचं, असंही नव्हतं. "व्हय अक्का, व्हय अक्का" म्हणायचं आणि आपल्या वाटेनं जायचं, ही बेलकेरीची रीत. तिचा जीव त्यानंच मेटाकुटीला यायचा.

त्यातून बारव म्हणजे गावाचा अभिमान. पूर्वी होळी उलटली की तिचा तळ दिसायचा, मासे एका कोपऱ्यातल्या डबक्यात दाटीवाटीनं दिवस काढायचे. आता भर वैशाखात पाणी वरच्या पायऱ्यांना लागलेलं असायचं. लोहाऱ्याहून पाव्हणे बघायला यायचे. सरपंचबाईंचा नवरा दिग्विजय यानं वरून ड्रोन फिरवून चित्रफीत काढली होती आणि ती साऱ्या तालुक्याच्या मोबाइलवर फिरली होती.

बारव भरली होती ती फिल्टरच्या पाण्यानं. म्हणजे फिल्टरनं टाकून दिलेल्या पाण्यानं.

बेलकेरीच्या बोअरचं पाणी मचूळ. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि घरटी एखाद्याला तरी मुतखडा ठरलेला. शांताक्काचे यजमान पंचाक्षरी यांचा खडा काढताना त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला होता. त्यानंतर शांताक्का हात धुऊन पंचायतीच्या मागं लागली आणि देवळाच्या मागच्या अंगाला आरओचा प्लान्ट बसवून घेतला. गाव गोड पाणी प्यायला लागलं. दुखणी खरंच कमी झाली. पण त्या यंत्राची एक खोड होती. एक जार गोड पाणी द्यायचं तर जवळजवळ तेवढंच खारं पाणी ते दुसऱ्या नळीनं बाहेर टाकायचं. ते कुठं सोडायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा प्लान्टची किल्ली सांभाळणारे पंचाक्षरीच म्हणाले होते, "दुष्काळी मुलूख हाय आपला. सांडायचं कशापायी? देवाच्या बारवेत सोडा." सगळ्यांनी माना डोलावल्या. शांताक्कानंही डोलावली होती.

मासे मेल्यावर चुरमुरे बंद झाले. तरी मासे मरतच राहिले. मग ती बारवेच्या काठावर दुचाकी धुणाऱ्या पोरांवर घसरली, तेही बंद झालं. मासे मरायचे थांबेनात. पाणी मात्र दिवसेंदिवस हिरवं होत चाललं. पालकाची पातळ भाजी ओतावी तसं दाट, आणि त्याला एक कुबट वास. ते बघता बघता तिच्या एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. पाण्यावर भिरभिरणारे चतुर कुठं गेले? खंड्या पक्षी समोरच्या कमानीत बसायचा, तो कधीपासून दिसत नाही? आणि मागल्या पावसाळ्यात बेडूक ओरडल्याचं आठवतंय का कुणाला? तिनं घरी विचारलं, तर पंचाक्षरी गालात हसले.

"बेडकाचा काय हिशेब ठिवायचा असतोय व्हय? झोप तरी लागती आता."

"झोप लागती? डास फोडून खातेत रात्रभर, आन झोप लागती म्हणं!"

तिच्या भावाचा मुलगा गौरीशंकर उमरग्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. त्याला तिनं फोन करून बोलावून घेतलं. तो आला, चहा घेतला आणि प्लान्टवरचंच क्षार मोजायचं पेनासारखं मीटर घेऊन बारवेवर गेला. आधी त्यानं ते खाऱ्या पाण्याच्या पाइपाखाली धरलं, मग बारवेत बुडवलं. बारवेतला आकडा बघून त्यानं मीटर झटकलं, पुसलं, पुन्हा बुडवलं.

"काय झालं रं?"

"आत्या, पाइपातून येतंय त्याच्या दुपटीनं खारं आहे बारवेतलं पाणी."

"असं कसं हुईल? पाइपातलंच पाणी हाय की त्ये!"

"आमटी चुलीवर आटली की काय होते?"

"खारट हुती."

"तसंच. ऊन पाणी पितं आत्या, मीठ पीत नाही. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतो. त्यावर तुम्ही रोज नवीन खारं पाणी ओतताय. ह्या बारवेत फक्त भरती आहे, बाहेर काहीच जात नाही."

शांताक्का पायरीवर बसली. "म्हंजी मासे मिठानं मेले?"

"मासे सगळ्यात शेवटी मेले." गौरीशंकरनं ओंजळीत पाणी घेऊन तिला दाखवलं. "ह्यात आधी ठिपक्यासारखे किडे असायचे, धडपणे डोळ्यालाही दिसत नाहीत असे. ते शेवाळ खायचे. खारानं आधी ते गेले, म्हणून शेवाळ माजलं आणि पाणी हिरवं झालं. बेडकांची पिल्लं अंड्यातून निघाली, पण जगली नाहीत. चतुरांचंही तेच. डासांच्या अळ्या खाणारं कुणी उरलं नाही. आणि एवढं शेवाळ रात्री पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. मासे आधीच खारानं अर्धमेले झालेले, पहाटे गुदमरून वर आले."

"आन आमी म्हणतोय बारव भरली."

"अजून एक आहे. प्लान्टचं बोअर बारवेपासून किती लांब आहे?"

ते बोअर हाकेच्या अंतरावर होतं. शांताक्काला गेले काही महिने यजमानांची चाललेली कुरकुर आठवली. बोअरचं पाणी जास्तच मचूळ झालंय, फिल्टरची जाळी लवकर खराब होतीय. म्हणजे टाकून दिलेला खार जमिनीतून मुरून पुन्हा आपल्याच बोअरमध्ये येत होता. ती कपाळावर हात मारून उठली.

दुसऱ्या दिवशी ती सरपंचांच्या घरी गेली. सरपंच हर्षाली आत भाकऱ्या करत होती. बाहेर पलंगावर दिग्विजय बसला होता.

"बोला अक्का."

"तुज्याशी न्हाय, सरपंचाशी बोलायचं हाय."

"बोला की. आमी दोघं काय येगळे हावोत व्हय?"

हर्षाली पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. शांताक्कानं सगळं सांगितलं, आमटीसकट सांगितलं. हर्षालीच्या डोळ्यांत काहीतरी उमटलं, ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात दिग्विजय म्हणाला, "सोपं हाय. तुरटी टाकू."

"तुरटीनं खार जातो व्हय रं?"

"मग चिलापी मासा सोडू. त्यो कशातबी जगतो. माकणीच्या धरणावनं आणतो दोन डबे."

"आरं, मासे दिसले म्हंजी झालं व्हय? इखाच्या कढईत जगणारं काहीतरी सोडायचं, आन बारव चांगली म्हणायचं!"

"पण अक्का, पाणी काढून टाकलं तर बारव कोरडी दिसंल. पुढच्या महिन्यात बारव बघायला अधिकारी यायलेत."

शांताक्काला वाटलं, ह्याला लहानपणी खिचडी जरा कमीच वाढायला हवी होती. शेवटी हर्षालीच मागून हळूच म्हणाली, "पाइप ओढ्यात सोडला तर? ओढा वाहता असतो पावसाळ्यात." दिग्विजयला ते पटलं, कारण त्यात त्याला काही करावं लागणार नव्हतं. शांताक्कालाही पटलं. आठवड्याच्या आत पाइप वळला, देवळाच्या मागनं ओढ्यात गेला. बारवेचं हिरवं पाणी इंजीन लावून उपसलं, तेही तिकडंच सोडलं. शांताक्का समाधानानं घरी आली आणि यजमानांना म्हणाली, "झालं एकदाचं!"

गौरीशंकरला तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा "ओढ्याला पाणी आहे का सध्या?" एवढंच त्यानं विचारलं. तिला त्याचा रागच आला. शिकलेल्या माणसांना काही केलं तरी खोट दिसते!

त्या वर्षी मृग कोरडा गेला. आर्द्राही नुसत्याच गडगडल्या. एका सकाळी बिभीषण दारात येऊन उभा राहिला. ओढ्याच्या कडेला त्याचं रान. स्वभावानं गरीब माणूस, आवाज चढवणं त्याला ठाऊक नाही. त्या दिवशी त्यानं चपलाही काढल्या नाहीत.

"अक्का, तुमची बारव साफ झाली. बरं झालं. आता माझ्या डोहाचं बगायला येता का?"

ती त्याच्या मागोमाग गेली. ओढा कोरडा ठणठणीत, फक्त त्याच्या रानाखालच्या डोहात पाणी, आणि तेही वरच्या पाइपातून वाहत आलेलं. डोहाच्या काठाला ओल्या मातीवर पांढरी कड धरली होती, मिठागराला धरावी तशी. गोगलगायींचे शंख रिकामे होऊन काठाला लागले होते. पाणकणसांची पानं शेंड्याकडून करपली होती. बिभीषणनं डोहातलं पाणी मिरचीच्या रोपांना दिलं होतं. रोपांच्या पानांच्या कडा विस्तवाच्या झळीनं भाजल्यासारख्या तांबूस झाल्या होत्या.

"म्हस तोंड लावंना झालीय पाण्याला," तो म्हणाला. "म्हसीला कळतंय. मला उशिरा कळलं."

"बिभीषण, म्या मुद्दाम न्हाय रं केलं."

"मुद्दाम कोण करतंय अक्का? तुमाला नको झालं ते तुमी माझ्याकडं ढकललं. म्या आता कुणाकडं ढकलू? खाली तोरंब्याच्या लोकांचं रान हाय."

  ती डोहाच्या काठावर उकिडवी बसून राहिली. पाण्यावर एकही किडा तरंगत नव्हता. पाणी कसं स्वच्छ, निळसर होतं, शेवाळालाही सोसू नये इतकं खारं, आणि त्यात काही म्हणता काही नव्हतं.

घरी येऊन तिनं यजमानांवर जाळ काढला. पाइप बारवेत नको, ओढ्यात नको, मग सोडायचा कुठं? पंचाक्षरी म्हणाले, पाणी-कमिटीची बैठक लावू. बैठक लागली, चहा झाला, कुणी म्हणालं मळ्याकडं सोडा, तिथला मळेवाला उठून गेला. कुणी म्हणालं जुन्या बोअरमध्ये सोडा. शांताक्का किंचाळलीच, "म्हंजी जमिनीच्या पोटातच घाला! मग तेच प्या परत!" पुढची बैठक पोळा झाल्यावर, असं ठरलं आणि सगळे उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळामागं जार घेऊन रांग लागली, तर प्लान्टला कुलूप. दारात खुर्ची टाकून शांताक्का बसलेली. किल्ली तिच्या कनवटीला.

"अक्का, उघडा की. पोरांची शाळा हाय."

"उघडते. पन एक जार गोड पानी नेयाचं, तर एक जार खारंबी नेयाचं. ज्याचं पानी, त्याचं मीठ."

रांगेत हशा पिकला. मग लोकांच्या ध्यानात आलं की ती थट्टा करत नाही.

"खारं घिऊन काय करायचं?"

"संडासात वता. फरशी पुसा. गाडी धुवा. तुजी गाडी रोज धुतोस की रं, तवा गोड पानीच लागतंय व्हय?"

आरडाओरडा झाला. दिग्विजय आला, त्यानं कायद्याची भाषा काढली. पंचाक्षरी हातवारे करत आले, लोकांसमोर बायकोला बोलायची त्यांची छाती होईना, म्हणून ते नुसतेच रांगेच्या कडेनं फेऱ्या घालायला लागले. दिग्विजयचा आवाज चढला, तशी हर्षाली गर्दीतून पुढं आली. तिच्या दोन्ही हातांत दोन जार होते.  तिनं एक जार भिंतीबाहेरच्या गोड नळाखाली लावला आणि दुसरा खाऱ्या नळीखाली धरून उभी राहिली.

"अगं, काय करायलीस?" दिग्विजय म्हणाला.

"सरपंच हाय ना म्या? पहिला लंबर माझा."

शांताक्कानं कुलूप उघडलं. हर्षालीच्या मागं दुसरी आली, तिसरी आली. निम्मी रांग शिव्या देत देत का होईना, खारं पाणी घेऊन गेली. उरलेली निम्मी दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून जार आणू असं म्हणत गेली, आणि तिसऱ्या दिवशी परत आली, कारण तिकडचा जार महाग पडत होता आणि लांबही.

शांताक्का त्या दिवशी मोठ्या उमेदीनं गौरीशंकरशी बोलली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, शाबासकी दिली आणि म्हणाला, "थेट ओढ्यात पडणारं तर नक्की कमी झालं आत्या. पण फरशी पुसलेलं पाणी मोरीतनं कुठं जातं?"

तिनं मागच्या दारातनं मोरीकडं बघितलं. मोरीतनं गटारात, गटारातनं ओढ्यात.

"मग म्या करू तरी काय!" ती एवढ्यानं ओरडली की पलीकडच्या खोलीत पंचाक्षरी दचकून उठून बसले. "कुटंबी टाका, त्ये उरतंयच! मीठ म्हंजी काय भूत हाय का रं? गाडलं तरी वर येतंय, वाहवलं तरी परत येतंय!"

"भूत नाही आत्या. पण ते नाहीसं होत नाही, हे खरं. एका जागी अडवून ठेवणं, एवढंच आपल्या हातात आहे. पिण्याचं गोड पाणी तर लागणारच."

त्यानं सांगितलेला उपाय तिला पहिल्यांदा येडचापपणा वाटला. उथळ, पसरट खड्डा खणायचा, तळाला शेततळ्याचा जाड कागद अंथरायचा, म्हणजे थेंबही मुरणार नाही. खारं पाणी त्यात सोडायचं आणि उन्हाला आटवू द्यायचं. ऊन तर बेलकेरीत फुकटच. मीठ कागदावर राहील. ते खरवडून पोत्यात भरायचं. जागा मात्र मुरमाड हवी, उंचावर हवी, आणि कुणाच्या विहिरीच्या वाटेत नको.

अशी जागा गावात एकच होती. शांताक्काच्या आईकडून तिला आलेला माळाचा तुकडा. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तरी पंचाक्षरी त्यावर जीव धरून होते. रस्ता झाला की तिथं दुकानाचा गाळा काढायचा, असं त्यांचं मोठं स्वप्न.

"खाऱ्या पाण्यासाठी जागा देती व्हय? लोक हासतील."

"हासू द्या. बोअर आणखी मचूळ झालं तर तुमचाच खडा परत यील. तवा दवाखान्यात कोण हासंल त्ये बगू." मग जरा थांबून ती म्हणाली, "अवो, बिभीषणच्या दारात परत त्वांड घिऊन जायला लागंल का न्हाय मला?"

 दोन दिवसांनी पंचाक्षरींनी स्वतःच कागदाची चौकशी केली.

खड्डा खणायला ट्रॅक्टर बिभीषणनं आणला. तो अजून तिच्याशी मोकळं बोलत नव्हता, पण बांध किती उंच हवा यावर दोघांचं चांगलं जुंपलं. पावसाचं पाणी पडून खड्डा उतू गेला तर परत ओढ्यातच, म्हणून तो बांध वाढव म्हणत होता, आणि ती म्हणत होती एवढा मुरूम आणायचा कुठनं. शेवटी बांध वाढला, आणि खाऱ्या पाण्याचा पाइप मोटार लावून माळावर आणला. मग एकदाचा पाऊस लागला तो उत्तरा नक्षत्राचा. बारव भरली ती आभाळाच्या पाण्यानं, आणि ओढा दोन दिवस दणदणून वाहिला. डोहाच्या काठाची पांढरी कड धुऊन गेली. बारवेत मासे मात्र नव्हते. गौरीशंकरनं बजावलं, अजून वर्षभर काही सोडू नका, आधी बारीक जीव येऊ द्या. दिग्विजयनं ते ऐकलं आणि तरीही एक डबा चिलापी आणली, ती हर्षालीनं वेशीवरूनच परत पाठवली.

पुढच्या उन्हाळ्यात बारवेचा तळ पुन्हा दिसायला लागला, पूर्वीसारखा. काही म्हाताऱ्या हळहळल्या, भरली होती ती काय वाईट होती म्हणून. शांताक्कानं त्यांना समजावून सांगायचं सोडून दिलं होतं. तिला दुसरंच काम लागलं होतं. माळावरच्या खड्ड्यात मिठाची खपली धरली, ती चाटायला शेळ्या यायला लागल्या, आणि शेळ्यांच्या खुरांनी कागदाला भोकं पडली. म्हणजे आता कुंपण हवं, ठिगळ हवं, आणि खरवडलेल्या मिठाची पोती ठेवायला पत्र्याचं छप्पर हवं. पंचायत म्हणाली, बैठकीत घेऊ.

"बैठकीत घेतेत म्हणं!" बिभीषणच्या दुचाकीवर मागं बसून लोहाऱ्याला निघताना ती बडबडत होती. तिच्या मांडीवर फाटक्या कागदाचा नमुन्याचा तुकडा होता, ठिगळ त्याच जाडीचं मिळावं म्हणून. "तवर शेळ्यांना काय सांगू? बैठक हुईपतूर चाटू नगा म्हणून?"

"अक्का, जरा गप बसा. गाडी खड्ड्यातनं चाललीय."

"तू गाडी बग, म्या बोलते. आन बांध अजून वितभर वाढवाय पायजे हुता, म्या म्हणतच हुते."

"तुमी?" बिभीषणनं गाडीच थांबवली आणि मागं वळून बघितलं. "तुमी म्हणत हुता?"

"चल रं, चल. दुकान बंद हुईल."